बाहेरच्या होस्टचा हिरवा दिवा

तू विचारलंस ते आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मी नीट समजलोय का ते तुलाही कळेल. इंदूरच्या एका सोयाबीन व्यापाऱ्यासाठी तुमची कंपनी भावांचं आणि सौद्यांचं पोर्टल चालवते. एक सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या रॅकमध्ये आहे, दुसरा सिंगापूरला, भलत्याच कंपनीच्या व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याच्या आभासी सर्व्हरवर. दोन्हीकडे तुमचा स्वतःचा लोड बॅलन्सर (सर्व्हरांवर ताण वाटणारं यंत्र) नाही, म्हणून विजयनगरच्या ऑफिसातल्या जीएसएलबीच्या डब्यात (कुठल्या शहरातल्या सर्व्हरकडं जायचं ते सांगणाऱ्या यंत्रात) दोघांना 'बाहेरचे होस्ट' म्हणून नोंदवलंत. परवा मंडी उघडायच्या वेळेला मुंबईचं पोर्टल पाऊण तास बंद होतं आणि डब्यावरचा दिवा शेवटपर्यंत हिरवा होता. मग तू हाताने मुंबई काढून टाकलीस, तरी काही जण पुढचे दोन तास मुंबईलाच धडकत राहिले. आणि शेवटी विचारलंस, "काका, सेटिंग कुठं चुकलं?"

काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतोय. सेटिंग तीन-चार ठिकाणी चुकलंय. पण ते बघण्याआधी हा डबा नेमकं काय करतो ते डोळ्यांसमोर आण.

इंदूरच्या सरवटे बस स्टँडवरची चौकशीची खिडकी आठव. कुणी विचारलं, "देवासची गाडी कुठं लागलीय?" आतला माणूस म्हणतो, "तीन नंबर." विचारणारा तिकडं चालायला लागला की खिडकीचा त्याच्याशी संबंध संपला. तीन नंबरची गाडी बंद पडली हे आतल्या माणसाला कळलं, तरी गेलेल्याला मागून हाक मारायची सोय नाही. पुढं जो येईल त्याला तो "पाच नंबर" सांगेल, बस. त्यात पुन्हा असं, की विचारायला आलेला एकटाच नसतो. बाहेर त्याचे वीस पाहुणे सामान घेऊन उभे असतात, हा जाऊन त्यांना "तीन नंबर" सांगतो, आणि ते वीस जण खिडकीपाशी येतच नाहीत. तो एकटा म्हणजे लोकांसाठी पत्ता विचारून आणणारा इंटरनेट कंपनीचा रिझॉल्व्हर, आणि बाहेरचे वीस म्हणजे तुझे शेतकरी आणि दलाल. पोर्टलचा एक बाइटही तुझ्या डब्यातून जात नाही. डबा फक्त पत्ता सांगतो, म्हणजे डीएनएसचं काम करतो: नाव विचारलं की आयपी पत्ता.

आता 'बाहेरचा होस्ट' हा प्रकार वेगळा का, ते बघ. दोन्हीकडे एकाच कंपनीचे बॅलन्सर असले की ते आपसांत बोलतात. एफ५ कंपनीच्या डब्यांची स्वतःची बोली आहे, ती ४३५३ पोर्टवर चालते. नेटस्केलरवाले एमईपी नावाने तेच करतात. पलीकडचा बॅलन्सर सांगतो, माझ्याकडं इतके सर्व्हर जिवंत आहेत, इतक्या जोडण्या चालू आहेत, इतका ताण आहे. बाहेरच्या होस्टच्या बाबतीत पलीकडं बोलणारं कुणी नाही. त्याच्याबद्दल तुझ्या डब्याला जे काही कळतं, ते तू लावलेल्या मॉनिटरने सांगितलेलं. तो मॉनिटर जो प्रश्न विचारेल तेवढंच खरं, बाकी सगळा अंधार. बरेच लोक होस्ट नोंदवतात आणि डिफॉल्ट मॉनिटर तसाच ठेवतात. तूही तेच केलंस. तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये साधा पिंग दिसतोय, म्हणजे 'जागा आहेस का' एवढीच हाक.

पिंगचं उत्तर ऑपरेटिंग सिस्टिम देते, पोर्टल नाही. वेब सर्व्हर मेला, डेटाबेस मेला, डिस्क भरली, तरी पिंगला उत्तर येतच राहतं. म्हणून लोक एक पायरी वर जातात आणि ४४३ पोर्ट, म्हणजे सुरक्षित वेबचं दार, उघडा आहे का ते बघतात. त्यानेही मी एकदा तोंडावर आपटलोय. एका ग्राहकाचं संकेतस्थळ रात्रभर बंद होतं आणि पोर्ट छान उघडा होता, कारण पुढं उभा असलेला प्रॉक्सी जिवंत होता आणि मागचं ॲप्लिकेशन गेलेलं होतं. मग मी एचटीटीपीची तपासणी लावली, म्हणजे पान मागायचं आणि २०० हा 'ठीक'चा कोड आला की ठीक. काही महिन्यांनी पुन्हा तेच. या वेळी कुणीतरी 'देखभालीचं काम चालू आहे' असं सुंदर पान लावलं होतं, आणि ते पान २०० कोडनेच येत होतं. तेव्हापासून मी कोडवर विश्वास ठेवत नाही. पानात ठरलेला शब्द आला पाहिजे, आणि तो शब्द डेटाबेसमधून वाचून आलेला पाहिजे. तुमच्या प्रोग्रामरकडून एक छोटं पान करून घे. ते डेटाबेसमधली एक ओळ वाचेल, जमलं तर 'चालू' असं लिहील, नाही जमलं तर ५०३ हा 'सेवा बंद'चा कोड देईल.

पण त्या पानाला जगाची चौकशी करायला लावू नकोस. एसएमएसची सेवा चालू आहे का, पेमेंट गेटवे उत्तर देतोय का, असलं काही त्यात घालू नकोस. दोन्ही सर्व्हर ज्या एकाच गोष्टीवर अवलंबून आहेत ती पडली की दोन्ही एकदम लाल होतात, आणि मग डबा पत्ता कुणाचा सांगणार? ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री सव्वानऊच्या सुमारास आपल्याकडं व्हॉट्सॲप थांबलं होतं, आठवतंय? फेसबुकच्या आतल्या जाळ्यात चूक झाली होती. त्यांच्या डीएनएस सर्व्हरना अशी शिकवण होती, की आपल्या डेटा सेंटरशी बोलता आलं नाही तर आपण आजारी आहोत असं समजून स्वतःचे रस्ते इंटरनेटवरून मागं घ्यायचे. सगळ्यांनी एकाच वेळी तसं केलं. डीएनएस सर्व्हर स्वतः धडधाकट होते, फक्त कुणाला सापडेनात. सहा तासांच्या आसपास लागले. एवढ्या मोठ्या कंपनीत तपासणीचा नियम असा उलटतो, तर तुझा-माझा का उलटणार नाही?

म्हणून डब्यात आणखी एक गोष्ट आज बघून ठेव, सगळे होस्ट लाल झाले तर तो काय उत्तर देतो. काही डबे रिकामं उत्तर देतात, आणि ते सगळ्यात वाईट. 'असं काही नाही' हे उत्तरही रिझॉल्व्हर साठवून ठेवतो. किती वेळ, ते तुझ्या झोनच्या (नावांच्या यादीच्या) एसओए या मुख्य नोंदीतल्या शेवटच्या आकड्यावर आणि त्या नोंदीच्या स्वतःच्या टीटीएलवर (उत्तर साठवायच्या मुदतीवर) ठरतं, दोन्हींतला लहान तो धरायचा. पुष्कळ जुन्या झोनमध्ये तो शेवटचा आकडा एक तास, कधी एक दिवसही असतो. मग होस्ट दोन मिनिटांत बरा झाला तरी लोक तासभर बाहेर. सगळे लाल असतील तर 'मुंबईचा पत्ता दे' असं स्पष्ट लिही. चुकीचा पत्ता परवडला.

तपासणीत आणखी एक बारकावा आहे, त्यात भलेभले अडकतात. सिंगापूरच्या त्या व्हीपीएसवर एकाच पत्त्यावर चार साइट असतील, तर तुझा मॉनिटर नुसत्या आयपीवर विचारतो तेव्हा त्याला भलतीच साइट उत्तर देते. हिरवा दिवा लागतो शेजाऱ्याच्या साइटमुळं. मॉनिटरमध्ये होस्ट हेडर (मागणीत लिहिलेलं साइटचं नाव) आणि टीएलएसचं एसएनआय (सुरक्षित जोडणी सुरू होतानाच सांगितलेलं नाव), दोन्हीकडं पोर्टलचं खरं नाव घाल. नुसतं एकीकडं घातलं तर अर्धवट तपासणी होते.

तपासतो कोण, हाही तितकाच मोठा प्रश्न. तुझा डबा ऑफिसात एका ब्रॉडबँडवर. पावसाळ्यात केबल तुटली की डब्याच्या दृष्टीने मुंबई आणि सिंगापूर दोन्ही मेले. निदान तीन वेगवेगळ्या जाळ्यांवरून तपास आणि बहुमत मान. ॲमेझॉनची डीएनएस सेवा रूट ५३ या बाबतीत फारच उदार आहे. त्याच्या तपासनीसांपैकी १८ टक्क्यांहून जास्त जणांनी 'ठीक' म्हटलं की ते होस्टला ठीक मानतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर लक्षात आलं की उगाच फेलओव्हर होण्यापेक्षा, म्हणजे राखीव होस्टकडं वळण्यापेक्षा, ते बरं. आणि तपासनीसांचे आयपी पत्ते दोन्हीकडच्या फायरवॉलमध्ये आधी उघडून घे. माझ्याकडं एकदा एका होस्टिंगवाल्याच्या सुरक्षा यंत्रणेने, दर पाच सेकंदांनी कोण येतंय म्हणून, माझ्याच मॉनिटरला हल्लेखोर ठरवून बंद केलं होतं. सर्व्हर खणखणीत, आणि माझ्या फलकावर लाल.

आता ते दोन तास. डब्यात टीटीएल ६० सेकंद आहे, तू लिहिलंयस. मग दोन तास का?

आधी साधा हिशेब. दर ३० सेकंदांनी तपास, सलग तीनदा चुकलं की लाल, म्हणजे दीड मिनिट गेलं. शेवटच्या तपासणीचा टाइमआउट १० सेकंद. त्यावर टीटीएलचे ६०. म्हणजे सगळं सुरळीत असतानाही शेवटच्या माणसाला नवा पत्ता मिळायला अडीच मिनिटांच्या वर लागणार. ग्राहकाला 'लगेच' हा शब्द कधी सांगू नकोस. पण अडीच मिनिटं आणि दोन तास यांत फार अंतर आहे.

मला संशय असा, की त्या दोन तासांत अडकलेली मंडळी पुन्हा विचारायलाच आली नाहीत. तुमचा भावांचा पट्टा वेबसॉकेटवर, म्हणजे सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीवर, चालतो ना? एकदा जोडणी झाली की ब्राउझर पुन्हा नाव विचारत नाही, आणि मुंबईचा सर्व्हर तोवर अर्धा-मुर्धा परत उभा राहिला होता, म्हणून जोडणी तुटलीही नाही. दुसरा संशय व्यापाऱ्याच्या गादीवरच्या एनजिनेक्सवर, म्हणजे मागण्या पुढं पोचवणाऱ्या वेब सर्व्हर प्रोग्रामवर. त्याच्या मोफत आवृत्तीत पलीकडचं नाव साधेपणाने लिहिलं असेल, तर ते सुरू होताना एकदाच पत्ता शोधतं आणि तोच धरून बसतं. रिझॉल्व्हर वेगळा नेमून नाव व्हेरिएबलमधून दिलं तर ते टीटीएल पाळतं. तिसरा संशय जावाचा. जुन्या जावा प्रोग्राममध्ये सिक्युरिटी मॅनेजर चालू असेल तर एकदा मिळालेला पत्ता प्रोग्राम बंद होईपर्यंत साठवला जातो. त्याशिवाय काही रिझॉल्व्हर फार छोटा टीटीएल स्वतःच्या मर्जीने वाढवतात, तर काही मूळ सर्व्हर सापडला नाही की मुदत संपलेलं जुनं उत्तर देत राहतात. ते नियमात बसतं, २०२० चा आरएफसी ८७६७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) त्याचसाठी आहे.

यावर टीटीएल ५ सेकंद करणं हा उपाय नाही. त्याने फक्त खिडकीवरची गर्दी वाढेल. उपाय मुंबईच्या टोकाला आहे. मुंबई सोडायची ठरली की तिथल्या वेब सर्व्हरला चालू जोडण्या तोडायला लाव, आणि जे तरीही येतील त्यांना एकतर ५०३ दे, नाहीतर तिथूनच सिंगापूरकडं प्रॉक्सी कर. ठरवून हलवायचं असेल तेव्हा मी जुन्या जागी असा प्रॉक्सी एक पूर्ण दिवस ठेवतो. लॉगमध्ये कोण कोण अजून येतंय ते दिसतं, आणि त्यांतले निम्मे तरी कुणाच्या तरी हाताने लिहिलेले आयपी पत्ते निघतात.

तुझा पुढचा प्रश्न, इंदूरवाल्यांना मुंबई आणि बाहेरच्यांना सिंगापूर असं भूगोलाने वाटायचं का? नको. तुझे वापरणारे इंदूर, उज्जैन, देवास, धारचे. त्यांच्यासाठी मुंबई पहिली आणि सिंगापूर राखीव, एवढा प्राधान्यक्रम पुरे. भूगोलाची गंमत अशी, की डब्याला माणूस दिसत नाही, त्याचा रिझॉल्व्हर दिसतो. इंदूरच्या राजवाड्याजवळ बसलेल्या माणसाचा रिझॉल्व्हर दिल्लीत असू शकतो. गूगलचा ८.८.८.८ विचारणाऱ्याच्या पत्त्याचा पुढचा भाग कळवतो. त्यासाठी आरएफसी ७८७१ आहे, आणि खाजगीपणासाठी आयपीव्ही४ चे २४ बिटच पाठवावेत असं तो सुचवतो. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ मात्र मुद्दाम काहीच कळवत नाही. सत्तर-तीस असं वजन लावायचा मोह होईल, पण वजन लागतं प्रश्नांना, माणसांना नाही. एका मोठ्या मोबाइल कंपनीच्या रिझॉल्व्हरने एकदा विचारलं, की त्यामागची अख्खी फौज एकाच बाजूला गेली.

मोबाइलवरून आठवलं, तुझ्या डब्यात फक्त ए नोंदी, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते, आहेत. जिओच्या फोनवरून आयपीव्ही६ चा पत्ता हमखास विचारला जातो. त्या प्रश्नाला डब्याने 'नाव आहे, पण या प्रकारची नोंद नाही' असं म्हणायला हवं. काही डबे 'असं नावच नाही' म्हणतात, आणि मग रिझॉल्व्हर अख्खं नावच नाही असं धरून बसतो. ही चूक इतकी जुनी आहे की २००५ मध्ये तिच्यावर आरएफसी ४०७४ लिहावा लागला, आणि तरीही ती मला अधूनमधून भेटते. फक्त मोबाइलवाल्यांच्या तक्रारी येत असतील तर आधी हेच बघ.

सर्टिफिकेटचा सापळा मात्र राखीव होस्टवरच असतो, म्हणून महिनोन् महिने कुणाला दिसत नाही. दोन्ही सर्व्हरवर एकाच नावाचं सर्टिफिकेट लागतं. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं घेतलं असेल आणि पडताळणी एचटीटीपीने होत असेल, तर ते पोर्टलच्या नावावर जाऊन बघतात, आणि ते नाव असतं मुंबईकडं. सिंगापूरचं नूतनीकरण गुपचूप नापास होत राहतं, ९० दिवसांनी सर्टिफिकेट संपतं, आणि नेमकी मुंबई पडते त्या दिवशी सगळ्यांच्या ब्राउझरवर लाल पान. त्यात बरेच मॉनिटर सर्टिफिकेटची मुदत तपासतच नाहीत, रूट ५३ चाही तपासत नाही. सिंगापूरला डीएनएस पद्धतीची पडताळणी लाव आणि मुदतीवर वेगळा अलार्म ठेव.

राहिला डबा. खरं सांगू? दोनच होस्ट असताना ऑफिसात डबा ठेवायचीच गरज नव्हती. दोन्ही सर्व्हर ठणठणीत असून डब्याचा वीजपुरवठा गेला म्हणून पोर्टल गायब व्हायचं, हा उलटा कारभार झाला. एक तर भाड्याची सेवा घे. रूट ५३ ला होस्ट कुणाचाही चालतो. मायक्रोसॉफ्ट अझूरच्या ट्रॅफिक मॅनेजरमध्ये 'बाहेरचा एंडपॉइंट' असा प्रकारच आहे, फक्त तिथं जवळिकीने वाटायचं असेल तर तो होस्ट कुठल्या विभागाजवळ आहे ते तुलाच सांगावं लागतं. नाहीतर दोन वेगळ्या कंपन्यांचे छोटे व्हीपीएस घेऊन त्यांवर जीडीएनएसडी हा डीएनएस प्रोग्राम चालव, किंवा पॉवरडीएनएस या दुसऱ्या प्रोग्रामच्या ल्युआ नोंदी वापर. त्यांत 'हे पान उघडत असेल तरच हा पत्ता दे' असं एका ओळीत लिहिता येतं. मोठ्या सेवेवरही आंधळा विश्वास नको. २१ ऑक्टोबर २०१६ ला डायन नावाच्या डीएनएस कंपनीवर मिराई या विषाणूने ताब्यात घेतलेल्या उपकरणांचा हल्ला झाला, तेव्हा ट्विटरसारखी साइट अनेकांना उघडेना. पण तुमच्या ब्रॉडबँडपेक्षा त्यांचा भरवसा केव्हाही जास्त.

डबाच ठेवायचा हट्ट असेल तर मुख्य झोन जिथं आहे तिथंच राहू दे. त्याखाली एक उपझोन करून तो दोन नेमसर्व्हरकडं सोपव, दोन्ही दोन शहरांत. पोर्टलच्या नावाला त्या उपझोनमधल्या नावाकडं बोट दाखवणारी नोंद, म्हणजे सीनेम, दे. ५३ पोर्ट यूडीपीबरोबर टीसीपीलाही उघडा हवा, हे अर्धे लोक विसरतात. आणि 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' नसलेल्या उघड्या नावाला सीनेम देऊ नकोस, तिथं एसओए आणि एनएस (नेमसर्व्हर कोण ते सांगणाऱ्या) नोंदी असतात, त्यांच्याशेजारी सीनेम बसत नाही. उघड्या नावावरून रीडायरेक्ट कर किंवा सेवेची एलिअस नोंद वापर.

परतीचा प्रवास आपोआप ठेवू नकोस. मुंबई परत हिरवी झाली म्हणून डबा लगेच तिकडं वळला, तर मधल्या वेळात सिंगापूरला झालेले सौदे कुठं आहेत? डीएनएसला डेटाबेसचं काही कळत नाही. टीटीएलच्या त्या काही मिनिटांत दोन्हीकडं लिहिणारे लोक असतात, आणि एकाच लॉटचे दोन सौदे झाले तर व्यापारी तुला टीटीएल म्हणजे काय ते विचारणार नाही. सिंगापूरची प्रत एरवी फक्त वाचण्यापुरती ठेव, तिला लिहायची मुभा माणसाने हाताने द्यावी. परत मुंबईला जाणंही हाताने, आणि मंडी बंद झाल्यावर.

या रविवारी मंडी बंद असेल तेव्हा एक कर. मुंबईचा वेब सर्व्हर चालू ठेवून फक्त डेटाबेस थांबव आणि घड्याळ लाव. दिवा लाल किती वेळात झाला, डिग या डीएनएस विचारायच्या कमांडने तुझ्या प्रत्येक नेमसर्व्हरला थेट विचारलं तर काय आलं, ८.८.८.८ आणि १.१.१.१ ला विचारलं तर काय आलं, जिओच्या फोनवर काय दिसलं, आणि मुंबईच्या लॉगमध्ये तासाभरानंतरही कोण येत होतं, एवढं लिहून पाठव. त्या शेवटच्या यादीत गादीवरचा पत्ता दिसला तर एनजिनेक्सची फाइलही सोबत पाठव.